वाकड्या रेणूंचं बेंगळुरू

१९५४ साली नागपूर विद्यापीठानं शिवरामकृष्ण चंद्रशेखर या तरुणाला डी.एस्सी. ही पदवी दिली. एम.एस्सी.ही त्याची नागपूरचीच, १९५१ ची, आणि तीही पहिल्या क्रमांकानं. डी.एस्सी.चं काम मात्र झालं होतं बेंगळुरूला, मामांच्या संस्थेत. मामा म्हणजे सर सी. व्ही. रामन. रामन यांचंही नागपूरशी जुनं नातं होतं. वित्त खात्यात नोकरीला असताना १९१० च्या सुमारास त्यांची तिथे बदली झाली होती. भाच्याच्या प्रबंधाचा विषय असा होता: स्फटिकातून जाताना ध्रुवित प्रकाशाची कंपनदिशा किती वळते, आणि प्रकाशाचा रंग बदलला की त्या वळण्यात काय फरक पडतो.

खगोलशास्त्रातले, नोबेल मिळवलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ते वेगळे. ते रामन यांचे पुतणे. हे भाचे. गल्लत इतकी सर्रास होते की इंटरनेटवर एकाच्या मजकुराशेजारी दुसऱ्याचा फोटो पाहिलेला आहे.

प्रबंधासाठी तपासलेल्या स्फटिकांमध्ये क्वार्ट्झ होता, म्हणजे आपली गारगोटी ज्या खनिजाची असते तेच. क्वार्ट्झचे स्फटिक दोन जातींचे मिळतात. एक जात प्रकाशाची कंपनदिशा उजवीकडे वळवते, दुसरी डावीकडे. दोन्हींत माल एकच, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. यातल्या कुणालाच स्वतःचं उजवं-डावं नाही. क्वार्ट्झ वितळवून त्याची काच केली की वळवण्याचा गुण नाहीसा होतो, कारण तो गुण मालाचा नसतोच. अणूंची चौकडी अक्षाभोवती ज्या फिरक्या जिन्यानं चढत जाते, त्या जिन्याचा तो गुण असतो.

बेंगळुरूत पुढे पन्नास वर्षं द्रवस्फटिकांवर जे काम झालं, त्यातला एक धागा मला इथून निघालेला दिसतो. चंद्रशेखरांनी स्वतः तो असा जोडलेला माझ्या वाचनात नाही. ही जोडणी माझी. प्रश्न असा की घटकांच्या अंगी नसलेली गोष्ट त्यांच्या नुसत्या मांडणीतून किती निघू शकते? आणि घटकाचा आकार बदलला तर?

पदवीनंतर चंद्रशेखर केंब्रिजला गेले, कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत दुसरी डॉक्टरेट केली, काही काळ लंडनला काढला आणि १९६१ साली म्हैसूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख म्हणून परतले. द्रवस्फटिक त्यांनी हाती घेतले ते म्हैसूरला. नोव्हेंबर १९७० मध्ये रामन गेले. त्यांचे अंत्यसंस्कार त्यांच्या इच्छेप्रमाणे संस्थेच्याच आवारात झाले. पुढच्याच वर्षी चंद्रशेखर म्हैसूरची माणसं घेऊन मेखरी सर्कलजवळच्या त्या झाडीनं भरलेल्या आवारात आले आणि द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी राहू लागली. सोबत आलेल्यांत एन. व्ही. मधुसूदन होते. रसायनशास्त्रज्ञ बी. के. सदाशिव यांचं नाव या कथेत वारंवार येणार आहे, कारण नवा रेणू आधी कुणीतरी बनवावा लागतो.

*

द्रवस्फटिक आपल्या मनगटावर, भिंतीवर, खिशात आले तेव्हा त्यांचं कुतूहल संपलं. म्हणून थोडी उजळणी.

१८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिख राइनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंश सेल्सियसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशाला तो द्रव एकाएकी निवळला. मधल्या तेहतीस अंशांत जे होतं ते वाहत होतं, पण प्रकाशाशी स्फटिकासारखं वागत होतं. स्फटिकात रेणूंची जागाही ठरलेली असते आणि दिशाही. साध्या द्रवात दोन्हींचा धरबंध सुटतो. या मधल्या अवस्थेत रेणू जागा सोडतात, दिशा सोडत नाहीत. सगळे साधारण एकमेकांना समांतर राहून इकडून तिकडे सरकत असतात. या अवस्थेच्या सर्वांत साध्या रूपाला नेमॅटिक म्हणतात. दिशेबरोबर थरही पडले, म्हणजे रेणू थरात मोकळे पण एका थरातून दुसऱ्यात सहसा जाणार नाहीत असे झाले, तर ती स्मेक्टिक. ही नावं फ्रान्सच्या जॉर्ज फ्रीडेलनं १९२२ साली रूढ केली.

दिशेची ही शिस्त मोजता येते. कुणालाच दिशा नसेल तर शून्य, सगळे तंतोतंत एका रेषेत असतील तर एक. नेमॅटिकमध्ये हा आकडा बहुधा ०.३ ते ०.७ च्या दरम्यान असतो. शिस्त आहे, पण ढिली. आणखीही एक सूट आहे: रेणूचं डोकं वर की खाली, याला नेमॅटिकमध्ये किंमत नाही. निम्मे वर, निम्मे खाली. त्यामुळे प्रत्येक रेणूला विद्युत ध्रुव असले तरी सगळ्यांचे मिळून शून्य होतात. पुढची सगळी गोष्ट या सवलतीभोवतीच फिरते.

हाले इथल्या डॅनियल फोरलेंडरनं विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात नियम घालून दिला होता की द्रवस्फटिक हवा असेल तर रेणू लांब आणि शक्य तितका सरळ हवा. नियम बरोबर होता आणि उपयोगीही. पिढ्यान्पिढ्या रसायनशास्त्रज्ञांनी काडीसारखे रेणू बनवले आणि आजचे द्रवस्फटिकी पडदे त्याच घराण्यातले आहेत. गंमत म्हणजे फोरलेंडरनं स्वतः १९३० च्या आसपास काही वाकडे रेणूही करून पाहिले होते. ते बरे द्रवस्फटिक होत नाहीत असं त्याचं मत पडलं आणि विषय तिथेच थांबला. साठ-सत्तर वर्षांनी हालेच्याच संशोधकांनी त्याचे पदार्थ पुन्हा तपासले, तेव्हा त्यांत ज्या अवस्था निघाल्या त्यांना त्याच्या काळी नावंही नव्हती.

सरळपणाच्या या नियमाला पहिला ठळक तडा बेंगळुरूत गेला. १९७७ साली चंद्रशेखर, सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी ‘प्रमाण’ या आपल्याच देशातल्या नियतकालिकात चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक जाहीर केले. मधे बेंझिनचं कडं, त्याच्या सहाही कोपऱ्यांवर सहा लवचीक शेपट्या. या चकत्या एकावर एक रचल्या जाऊन खांब तयार होतात आणि खांब षट्कोनी जाळ्यात उभे राहतात. जाळं स्फटिकासारखं नियमित, पण एकेका खांबातल्या चकत्यांची अंतरं द्रवासारखी अनियमित. काडी सोडून दुसऱ्या आकाराचा रेणू द्रवस्फटिक देतो हे इतक्या स्पष्टपणे कुणी दाखवलेलं नव्हतं. आज चकत्यांच्या द्रवस्फटिकांचं स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्यातल्या बहुतेक निबंधांच्या संदर्भसूचीत ‘प्रमाण’चा तो खंड येतो. चांगलं काम परदेशी नियतकालिकातच छापावं लागतं या समजुतीला दाखवावं असं हे उदाहरण.

*

काडी झाली, चकती झाली. आता वाकडा रेणू.

तो असा करतात. बेंझिनच्या मधल्या कड्याला दोन हात जोडायचे, पण समोरासमोर नाही. समोरासमोर जोडले तर रेणू सरळ होईल. एक जागा सोडून जोडले की दोन हातांमध्ये साधारण १२० अंशांचा कोन होतो. प्रत्येक हातात आणखी दोन-दोन कडी, आणि टोकांना कार्बनच्या शेपट्या. पाच कड्यांचा हा बाक आलेला गाभा म्हणून इंग्रजीत ‘बेंट-कोअर’. शास्त्रज्ञ आपसात मात्र ‘बनाना’च म्हणतात, आणि ते अगदी चपखल आहे, कारण फणीतली केळी जशी सगळी एकाच बाजूला बाक करून बसतात तसेच हे रेणू थरात बसतात. एकाचा बाक उजवीकडे आणि शेजाऱ्याचा डावीकडे असेल तर मधे पोकळी राहते, दाटी जमत नाही. सरळ काडी स्वतःच्या अक्षाभोवती गरगर फिरू शकते. वाकड्याला ती मोकळीक नाही. आणि सगळ्यांचे बाक एका बाजूला झाले की प्रत्येक रेणूचा बाकाच्या दिशेचा विद्युत ध्रुवही त्याच बाजूला होतो. डोकं वर की खाली ही सूट तशीच राहिली, पण तिच्या काटकोनातली एक नवी दिशा मात्र पक्की झाली.

अशा घडणीचे रेणू जपानमध्ये मात्सुनागा यांच्या गटानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवले होते. १९९६ साली टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या निओरी, ताकेझोए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांच्यापासून बनलेल्या स्मेक्टिक थरांना विद्युत ध्रुव असतो आणि बाहेरून दिलेल्या विद्युत क्षेत्रानं तो उलटवता येतो. बातमी मोठी होती. त्याआधी दोन दशकं असं मानलं जात होतं की द्रवस्फटिकात असा ध्रुव हवा असेल तर रेणू मुळातच उजवा किंवा डावा असायला हवा. रॉबर्ट मायरनं १९७० च्या दशकात हा मार्ग दाखवला होता आणि जगभर त्याच वाटेनं रेणू बनत होते. इथे तर रेणूत उजवं-डावं काहीच नव्हतं. होता तो फक्त बाक.

वर्षभरातच, १९९७ मध्ये, अमेरिकेतल्या बोल्डरच्या नोएल क्लार्क यांच्या गटानं त्याहून विलक्षण गोष्ट दाखवली. या थरांत रेणू ध्रुवाच्या दिशेनं रांगेत तर असतातच, शिवाय थराशी तिरके झुकलेलेही असतात. आता मोजा: थराला लंब ही एक दिशा, झुकाव कुठल्या बाजूला ही दुसरी, बाक कुठल्या बाजूला ही तिसरी. या तीन दिशांची जुडी उजव्या हाताची तरी होते किंवा डाव्या हाताची तरी. तिसरी शक्यता नाही. एकही रेणू उजवा-डावा नसताना सबंध थर उजवा किंवा डावा होतो. नमुन्यात निम्मे थर उजवे, निम्मे डावे. ध्रुव उलटवला तर झुकावही बरोबर उलटतो आणि थराचा हात तोच राहतो.

शेजारचा थर कसा बसेल हा पुढचा प्रश्न. त्याचा झुकाव तसाच किंवा उलटा, ध्रुव तसाच किंवा उलटा, म्हणजे चार प्रकार. झुकाव आणि ध्रुव या दोघांनी एकत्र पालटायचं किंवा दोघांनीही तसंच राहायचं असेल तर सगळे थर एकाच हाताचे होतात. दोघांपैकी एकानंच पालटायचं असेल तर थर आलटून पालटून उजवे-डावे. चारही प्रकार प्रयोगांत सापडले. ज्या पदार्थातला अणू न् अणू रसायनशास्त्रज्ञाला माहीत आहे, त्यात हात कुठला येणार हे नमुना थंड होईपर्यंत त्यालाही सांगता येत नाही.

हे पाहण्याची रीत तशी साधी आहे. दोन काचांच्या आतल्या बाजूंना पारदर्शक विद्युतवाहक थर असतो, त्यावर पॉलिइमाइडचा पातळ लेप, आणि तो कापडानं एकाच दिशेला घासलेला. मधे काही मायक्रोमीटरची फट. नमुना तापवून द्रव केला की केशाकर्षणानं फटीत ओढला जातो. मग तापमान आवरणाऱ्या तबकडीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली, एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन ध्रुवकांच्या मधे, हळूहळू थंड करायचा. रंग उमटतात, पंखे उमटतात, मोझेकसारखे तुकडे उमटतात. अनुभवी डोळा या चित्रांवरून अवस्था ओळखतो आणि क्ष-किरण त्याचं म्हणणं खरं की खोटं ते ठरवतात. काही वाकड्या रेणूंत तर काहीच उमटत नाही, नुसता काळोख. तो फसवा असतो. वरचा ध्रुवक काही अंश एका बाजूला फिरवला की काळोखातले काही भाग उजळतात आणि उरलेले अधिक काळे होतात. दुसऱ्या बाजूला फिरवला की अदलाबदल. उजवे आणि डावे प्रदेश आपोआप वेगळे झालेले असतात. लुई पास्तरनं १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे उजवे-डावे स्फटिक चिमट्यानं निवडून वेगळे केले होते. इथे चिमटाही लागत नाही.

*

१९९७ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये या रेणूंवर खास कार्यशाळा झाली आणि सापडतील तशा अवस्थांना ‘बी-१’, ‘बी-२’ अशी ओळीनं नावं पडत गेली. पाच-सहा वर्षांत यादी ‘बी-८’ पर्यंत गेली. नावांत तर्क नाही, सापडण्याचा क्रम आहे. जाणकार याबद्दल कुरकुर करतात आणि तीच नावं वापरत राहतात.

ही यादी भरत होती तेव्हा रामन संशोधन संस्थेत सदाशिव आणि त्यांचे विद्यार्थी एकापाठोपाठ एक मालिका बनवत होते. मालिका म्हणजे गाभा तोच ठेवून शेपटीतला एकेक कार्बन वाढवत जायचं. चार कार्बनची शेपटी, पाच, सहा, पुढे अठरापर्यंत. प्रत्येक पदार्थ पुन्हा पुन्हा शुद्ध करायचा, वितळबिंदू पाहायचा, उष्णतामापीत घालायचा, सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचा. या कामाच्या बातम्या होत नाहीत. पण वाकड्या रेणूंच्या बाबतीत सगळं गुपित इथेच होतं, कारण शेपटीच्या लांबीवर अवस्था बदलते. शेपटी आखूड असेल तर एका थरातले गाभे शेजारच्या थरातल्या शेपट्यांमध्ये घुसतात आणि थर एकमेकांत गुंततात. ती ‘बी-६’. मध्यम असेल तर थरांचे तुकडे पडून ते पायरी बदलत मांडले जातात आणि दुहेरी जाळं होतं. ती ‘बी-१’. लांब असेल तर सलग, ध्रुवीय थर.

असं का व्हावं याचं एक नेटकं उत्तर याच संस्थेतल्या अरुण रॉय आणि मधुसूदन यांनी २००५ साली मांडलं. गाभ्याला गाभ्याशेजारी बसायचं असतं, शेपटीला शेपटीशेजारी, आणि ध्रुवांना मात्र एकाच बाजूला तोंड करून दाटीनं बसणं महाग पडतं. तिन्हींचं एकदम भागत नाही. शेपटीची लांबी बदलली की कुणाचं किती ऐकायचं याचा तोल बदलतो आणि त्याबरोबर मांडणी. गणित पानभर भरतं, पण आशय एवढाच. मला हे काम आवडतं, कारण यादीत नवं नाव घालण्याऐवजी ते जुन्या तीन अवस्थांमधली वाट दाखवतं.

सदाशिव यांच्या विद्यार्थ्यांपैकी आर. अमरनाथ रेड्डी यांचा प्रवास या क्षेत्राचा नकाशाच आहे. बेंगळुरूत असताना २००४ मध्ये त्यांनी आणि सदाशिव यांनी नेमॅटिकमधून थेट ध्रुवीय, न झुकलेल्या स्मेक्टिकमध्ये जाणारी मालिका प्रसिद्ध केली. पुढे ते हालेला गेले, म्हणजे फोरलेंडरच्याच गावी, आणि तिथल्या कार्स्टन चिर्शके यांच्याबरोबर २००६ साली या विषयाचा एक विस्तृत आढावा लिहिला. तिथून बोल्डर. २०११ च्या ‘सायन्स’मध्ये त्यांचं नाव पहिलं असलेला निबंध आहे: न झुकलेल्या थरांचा, पण सगळे ध्रुव आपोआप एकाच बाजूला असलेला द्रवस्फटिक. बहुतेक वाकडे रेणू थरागणिक ध्रुव उलटवून हिशेब शून्यावर आणतात. या रेणूंनी तो तसा आणला नाही.

त्याआधी २००० सालच्या जूनमध्ये ‘सायन्स’मध्येच आर. प्रतिभा, मधुसूदन आणि सदाशिव यांचा एक प्रयोग आला होता. तो मला या सगळ्यांत सर्वांत चतुर वाटतो. त्यांनी नवा रेणू केला नाही. दोन प्रकारचे रेणू एकत्र केले, सरळ आणि वाकडे. सरळ रेणूंच्या थरांत थोडे वाकडे सोडले तर ते कसे बसतील? साधी अपेक्षा अशी की आपली लांब बाजू सरळांच्या बाजूनंच करतील. वाकड्यांचं प्रमाण भरपूर असतं तेव्हा तसंच होतं. प्रमाण कमी असतं तेव्हा मात्र ते आडवे होतात आणि त्यांची लांबी सरळांच्या लांबीशी काटकोन करते. प्रमाण बदललं की आडव्याचे उभे होतात. पुढे त्यातही बारकावा असा की नमुना थंड करत गेलं तर हे आडवे पडलेले वाकडे रेणू आपसातही एका दिशेला वळतात, आणि एरवी आडव्या प्रतलात सगळीकडे सारखा असणारा थर दोन दिशांत वेगवेगळा वागू लागतो. सरळ रेणूंच्या स्मेक्टिकमध्ये अशी दुहेरी दिशा येऊ शकेल असा अंदाज होता, पण ती सहजी हाती लागत नव्हती. थोड्याशा वाकड्या पाहुण्यांनी ती आणून दिली.

*

थर नसलेल्या, नुसत्या नेमॅटिकमधले वाकडे रेणू हा वेगळाच मामला आहे. तिथे यशापेक्षा वाद जास्त, आणि वाद चांगले.

पहिला वाद दुहेरी दिशेच्या नेमॅटिकचा. फ्रायझरनं १९७० साली सांगितलं होतं की रेणू पुरेसे चपटे किंवा वाकडे असतील तर नेमॅटिकमध्ये एकाऐवजी दोन दिशा पक्क्या होऊ शकतात. २००४ मध्ये वाकड्या रेणूंत ती सापडल्याचे दोन स्वतंत्र दावे एकाच वर्षी आले, एक चुंबकीय अनुनादाच्या मोजणीवरून, दुसरा क्ष-किरणांवरून. आनंद झाला. मग शंका निघाल्या. क्ष-किरणांत जे चार ठिपके दिसतात ते थरांच्या छोट्या छोट्या पुंजक्यांमुळेही दिसू शकतात. वाकडे रेणू नेमॅटिकमध्येही असे पुंजके करतात, आणि पुंजका म्हणजे सबंध द्रवाची अवस्था नव्हे. हा प्रश्न सगळ्यांना पटेल असा अजून मिटलेला नाही.

दुसरा वाद वाकवल्यावर वीज देण्याचा. नेमॅटिकची दिशा वाकवली की थोडा विद्युत ध्रुव तयार होतो, आणि रेणू मुळातच वाकडा असेल तर हा परिणाम मोठा असावा असं तर्कानं वाटतं. २००६ साली ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या गटानं वाकड्या रेणूंत तो नेहमीच्या सुमारे हजारपट असल्याचं जाहीर केलं. हालचालीतून वीज मिळवण्याची स्वप्नं पडू लागली. पण तीन वर्षांनी बेंगळुरू आणि सोफिया इथल्या संशोधकांनी उलट बाजूनं, म्हणजे वीज देऊन दिशा किती वाकते हे मोजलं, तेव्हा आकडा साध्या सरळ रेणूंच्याच पट्टीत निघाला. इतर काही मोजण्याही त्याच बाजूला गेल्या. फरक बहुधा पुंजक्यांचा, मोजण्याच्या पद्धतीचा, किंवा दोन्हींचा. अशा मोजणीला टाळ्या मिळत नाहीत, पण शास्त्र तिच्यावरच उभं राहतं.

त्या कामातले एक ज्येष्ठ म्हणजे के. एस. कृष्णमूर्ती. त्यांची बरीच वर्षं पुण्यात दापोडीच्या मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये गेली आणि तिथेच त्यांनी विद्युतदाबानं द्रवस्फटिकांत उमटणाऱ्या प्रवाहांच्या नक्षीवर काम केलं. नंतर बेंगळुरूच्या द्रवस्फटिक केंद्रात त्यांनी वाकड्या नेमॅटिकमध्ये तोच खेळ मांडला. पातळ थराला विद्युतदाब दिला की द्रवात भोवरे पडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे पट्टे दिसतात. सरळ रेणूंत हे पट्टे ओळखीचे आहेत. वाकड्यांत ते वेगळ्या दिशेनं, वेगळ्या कंपनसंख्येला आणि कधी कधी नेहमीच्या नियमांनी ते येऊच नयेत अशा ठिकाणीही येतात.

ते केंद्र चंद्रशेखरांचंच. रामन संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये त्यांनी जलहळ्ळीला, भारत इलेक्ट्रॉनिक्सनं दिलेल्या जागेत ते सुरू केलं. चंद्रशेखर २००४ साली गेले. केंद्राचं नाव दोनदा बदललं आणि आता नॅनो व मृदू पदार्थ विज्ञान केंद्र म्हणून ते शहराबाहेर नेलमंगलाच्या बाजूला आहे.

तिसरी गोष्ट वादातून नव्हे, भूमितीतून निघाली. वाकड्या रेणूंचा नेमॅटिक वाकवायला सोपा असतो. मोजणीत ते दिसतंही: सरळ रेणूंत वाकवणं पसरवण्यापेक्षा जड, वाकड्यांत बहुधा उलट. आता समजा, वाकणं इतकं सोपं झालं की द्रवाला आपणहून वाकावंसं वाटू लागलं. पण सबंध जागा एकसारख्या वाकलेल्या रेषांनी भरता येत नाही. कागदावर करून पाहा, रेषा कुठेतरी आदळतातच. त्यातून सुटण्याची एक वाट म्हणजे वाकता वाकता पीळ घेणं. २००१ साली इव्हान दोझोव्ह यांनी हे गणित मांडलं आणि पिळाची नेमॅटिक अवस्था असायला हवी असं भाकीत केलं. पीळ आला की उजवा-डावा हात आला, आणि रेणू पुन्हा तसाच, हात नसलेला. २०११ ते २०१३ च्या दरम्यान ही अवस्था सापडली ती बेंट-कोअर रेणूंत नव्हे, तर सात कार्बनच्या लवचीक दुव्यानं जोडलेल्या दोन सरळ तुकड्यांत. दुव्यातले कार्बन विषम असले की रेणू वाकडा होतो, सम असले की सरळ राहतो. पिळाचं एक वेटोळं साधारण ८ नॅनोमीटरचं, म्हणजे मोजक्या रेणूंच्या लांबीइतकं.

*

याचा उपयोग काय, हे दिवाळी अंकातल्या लेखानं टाळू नये. वाकड्या रेणूंचा पडदा दुकानात मिळत नाही. ध्रुव झटकन पालटत असल्यानं वेगवान पडद्यांची आशा होती. पण हे पदार्थ बहुधा शंभर अंशांच्या वर काम करतात, त्यांना काचेवर एकसारखं बसवणं अवघड जातं, आणि तोवर सरळ रेणूंनी बाजार जिंकला होता. चकत्यांचं तसं झालं नाही. १९७७ च्या शोधानंतर सुमारे वीस वर्षांनी जपानच्या फुजी कंपनीनं चकती-रेणूंची फिल्म काढली. ती लावली की लॅपटॉपचा पडदा बाजूनं पाहिला तरी रंग उलटे दिसत नाहीत. बेंगळुरूत चकत्यांचा पहिला पदार्थ वितळला तेव्हा लॅपटॉप नव्हते. वाकड्यांचा ध्रुव सापडून जेमतेम तीसेक वर्षं झाली आहेत, आणि त्यांनी काही विकून दाखवावं असा आग्रह मी धरणार नाही.

दरम्यान खेळ पुन्हा सरळ रेणूंकडे आला आहे. २०१७ पासून यॉर्क आणि जपानमध्ये, आणि २०२० मध्ये बोल्डरमध्ये पक्कं होत गेलं की काही सरळ रेणूंच्या नेमॅटिकमध्येही, थर नाहीत, बाक नाही तरी, सगळे ध्रुव एका बाजूला होतात. माक्स बॉर्ननं १९१६ साली असं काही असू शकेल असं म्हटलं होतं; शंभर वर्षं ते मिळत नव्हतं. न मिळण्याचं कारण सांगणाऱ्यांत बेंगळुरूचेही लोक होते. १९७३ च्या बेंगळुरू परिषदेसाठी मधुसूदन आणि चंद्रशेखर यांनी दाखवलं होतं की मोठ्या ध्रुवाचे शेजारी रेणू डोकी उलटसुलट करून जोडीनं बसणंच पसंत करतात. सुरुवातीच्या पडद्यांमधल्या सायनोबायफिनिल रेणूंचं वागणं समजायला ती कल्पना आजही लागते.

मग हे नवे रेणू डोकी एका बाजूला का ठेवतात? २०२१ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ मध्ये याचं एक उत्तर आलं. रेणूच्या लांबीभर धन आणि ऋण भार आलटून पालटून असतील, तर शेजाऱ्यानं थोडं पुढे-मागे सरकून धनासमोर ऋण आणायचं. मग डोकं उलटं करायची गरज राहत नाही. मात्र दोन्ही टोकांचे भार लहान हवेत, नाहीतर जुनीच उलटी जोडी जिंकते. निबंधाला लेखक एकच आहे: एन. व्ही. मधुसूदन, रामन संशोधन संस्था, बेंगळुरू.